नऊशे अंशांवर

मफल भट्टीचं दार उघडलं की
आधी चेहऱ्याला कळतं, मग डोळ्यांना.
भागीरथ मुकाती लांब चिमट्याने मूस आत सरकवतो
आणि मी वहीत लिहिते:
नमुना चार, पांढरा अभ्रक, नऊशे अंश, दोन तास.
बाहेर पिपल्याहाना चौकात कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून विसरलंय.
खिडकीत मालव्याची काळी माती, कापडी पिशव्यांतून,
गावांची नावं शाई फुटून एकमेकांत गेलेली.

प्रश्न साधा आहे, भागीरथच्या पीएचडीचा:
अभ्रकाच्या दोन पापुद्र्यांमध्ये
सहाकोनी खळग्यात रुतून बसलेला पालाश
तापवला तर सुटतो, की आणखी घट्ट बसतो?
माती म्हणते, माझ्याकडे भरपूर आहे.
रोप म्हणतं, असेल, पण देतेस कुठे.

माझी आणि अभ्रकाची ओळख जुनी.
जेल रोडला अण्णांचं दुकान, चार बाय सहाचं,
खांबेटे इलेक्ट्रिक.
इस्त्री उलटी करून ते तिचं पोट उघडत;
आत तारेची पट्टी, खाली-वर अभ्रक.
निकामी पत्रा माझ्या वाट्याला येई.
मी नखाने पापुद्रा सोलायची, त्या पापुद्र्याचा पापुद्रा,
कुठे संपतो ते बघायला.
आधी नख संपायचं.
"ह्याला काही होत नाही," अण्णा म्हणायचे,
"तार जळते, कपडा जळतो. हा नाही."
आवाजात शेखी असायची,
घरातल्याच कुणाबद्दल बोलावं तशी.
आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी
तीन इस्त्र्या द्यायच्यात म्हणून ते दुकानात गेले.
मी दहावीत होते. ते मी लक्षात ठेवलं.

दीड तासाने लाइट गेली.
"मॅडम, फिर से करना पड़ेगा."
पुन्हा केलं.

बाहेर आला तेव्हा त्याची चकाकी गेली होती.
दुधी, फुगीर, बोट लावलं तर चुरा.
वजन शंभराला साडेचार कमी.
ते पाणी होतं, मी सांगितलं.
"पाणी? दगडात?"
हो. ओलं नसलेलं.

मग द्रावणात घातला, रात्रभर हलवला, गाळला,
फ्लेम फोटोमीटरच्या बारीक नळीला पाजला.
निळ्या ज्योतीच्या कडेला जरासं जांभळं हललं
आणि आकडा चढत गेला.
सुटला होता.

काळ्या अभ्रकाचं मात्र उलटं.
तापून तो पितळेसारखा सुंदर झाला;
आतलं लोखंड गंजलं,
आणि पालाश त्याने धरून ठेवला, पहिल्यापेक्षा घट्ट.
"दोनों एक ही खानदान के हैं ना?" भागीरथने विचारलं.
आकडा लिही, म्हटलं. कारण नंतर.

संध्याकाळी दवाखान्यात अण्णांचा रिपोर्ट:
पोटॅशियम सहा पूर्णांक एक.
मूत्रपिंडं दमलीत. केळं बंद, नारळपाणी बंद.
किती पट पातळ करून मोजलं, मी विचारलं.
सिस्टर माझ्याकडे बघत राहिली.

अण्णांचे हात चादरीवर उताणे.
डाव्या तळव्यावर जुन्या भाजल्याचा डाग, गुळगुळीत,
ट्यूबलाइट त्यात चमकते.
"आज काय मोजलंस?"
अभ्रक.
"त्याला काही होत नाही."
मी वजनाचं सांगितलं नाही.

बराच वेळ ते सलाइनच्या थेंबांकडे बघत होते.
मग म्हणाले, त्याच सुरात, दर सांगावा तसे,
"तुझी आई गेली तेव्हा, दुकानात,
एकही इस्त्री उघडली नव्हती मी.
शटर आतून ओढून बसलो होतो.
बाहेर गिऱ्हाईक ठोकत होतं."

मी काही विचारलं नव्हतं.
त्यांनी पाणी मागितलं.
सिस्टरने औषधाच्या झाकणाने मोजून दिलं,
ते ओठांशी धरून
त्यांनी ते खूप वेळ पुरवलं.